रडणारं बाळ कुणी हातातून घ्यायला आलं, तर काय म्हणावं?

तुम्ही लिहिलंय की बाळ सात आठवड्यांचं आहे, संध्याकाळी रडायला लागलं की घरातलं किंवा आलंगेलं कुणीही ते तुमच्या हातातून उचलून घेतं, वर "दूध पुरत नसेल" असंही ऐकवतं. कुणाला न दुखावता हे थांबवायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे, पण वाचताना मला त्या संध्याकाळी जशाच्या तशा आठवल्या.

त्याचा सहावा आठवडा होता. अर्ध्या तासापासून रडत होता. मी त्याला खांद्यावर घेऊन एकाच खोलीत येरझारा घालत होते आणि आवाज जरा उतरायला लागला होता. रडण्याच्या मधेमधे लांब श्वास यायला लागले होते, पाठीवरचा माझा हात त्याला कळायला लागला होता. तेवढ्यात नवऱ्याची काकू "दे इकडे, तुला नाही जमायचं" म्हणत आली आणि तिने त्याला माझ्या खांद्यावरून उचललं. तिने दोन मिनिटं झुलवलं, मग नणंदेकडे दिलं, तिने कानाशी किल्ल्यांचा जुडगा वाजवला, मग आणखी कुणी टाळ्या वाजवल्या. बाळाने मान फिरवली, मुठी आवळल्या आणि असा टाहो फोडला की त्याचा आवाजच बसायला आला. माझ्या खांद्यावर त्याच्या लाळेचा ओला डाग होता. तो गार होत चालला होता आणि मी रिकाम्या हातांनी तशीच उभी होते.

त्या रात्री मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. सल्ला कुणीही द्यावा, पण बाळ मी दिल्याशिवाय माझ्या हातातून जाणार नाही. तुम्हालाही मी हेच सांगेन. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आपण सल्ल्यावरच चिडत बसतो आणि बाळ तोवर तिसऱ्या हातात गेलेलं असतं. सल्ला ऐकून सोडून देता येतो. शांत होत आलेलं बाळ पुन्हा पहिल्यापासून शांत करावं लागतं.

आधी एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या मनासाठी. या वयात बाळ रडतं, ते तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती बाळं दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती, आणि त्यातलं बरंचसं रडणं संध्याकाळचं होतं. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहा-आठ आठवड्यांना सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. तुम्ही आत्ता नेमक्या माथ्यावर आहात. हे घरच्यांना जरूर सांगा, पण बाळ झोपलेलं असताना, दुपारी, बसून सांगा. रडण्याच्या आवाजात कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही. तो आवाज मोठ्यांना अस्वस्थ करतो, आणि म्हणूनच तर सगळे धावून येतात. काकूच्या मनात मला कमी लेखणं नव्हतं. तिला ते रडणं सहन होत नव्हतं, इतकंच. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यावरूनच मला उपाय सुचला. धावून आलेल्या माणसाला नुसतं "नको" म्हटलं की ते तिथेच अडून उभं राहतं. त्याच्या हाताला दुसरं काम दिलं की ते सुटतं. मी वाक्यं आधीच ठरवून ठेवली होती, कारण ऐन वेळी मला एक तर रडू यायचं नाही तर तोंडून काहीतरी लागट निघायचं. "काकू, राहू दे माझ्याकडे, आत्ता शांत होतोय. तुम्ही तेवढा दिवा बारीक करा." "मावशी, मला पाणी आणून देता का?" "आई, तुम्ही माझ्याशेजारी बसा, पण त्याच्याशी बोलू नका जरा वेळ." आणि हे म्हणताना मी थांबत नसे, चालतच राहत असे. पाठ फिरवून चालणाऱ्या बाईच्या खांद्यावरून बाळ उचलणं कुणालाही अवघड जातं. कारणं मात्र देत बसू नका. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो.

हातोहात फिरवण्याने बाळ का बिथरतं, तेही बघा. २०२२ मध्ये जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी एक साधी रीत मांडली. रडणाऱ्या बाळाला उचलून न थांबता पाच मिनिटं चालायचं, झोप लागली की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, मग ठेवायचं. म्हणजे शांत व्हायला बाळाला सलग वेळ आणि न थांबणारी चाल लागते. दर दोन मिनिटांनी माणूस बदललं तर कुणाच्याच उपायाला वेळ मिळत नाही. मी सुरू केलेलं मलाच पुरं करू द्या, असं स्पष्ट म्हणायला तुमच्या मनाशी हे कारण पुरेसं आहे.

"सारखं घेतलं की सवय लागते" हे तुम्हाला कुणी म्हणालं नसेल तर म्हणेलच. तान्ह्या बाळाला जवळ घेण्याने लाड होत नाहीत. १९८६ मध्ये हुन्झिकर आणि बार या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही आयांना बाळाला रोज किमान तीन तास, ते रडत नसतानाही, जवळ घेऊन राहायला सांगितलं होतं, आणि सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. मी हे कुणाला ऐकवलं नाही, पण ते माहीत असल्याने माझा हात डळमळला नाही.

दुधाबद्दलचा टोमणा सगळ्यात खोल लागतो. मला तर तो ऐकून पान्हा आटल्यासारखं वाटायचं. त्याला उत्तर एकच, बाळ दिवसभरात सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी करतंय का आणि वजन वाढतंय का. दोन्ही ठीक असेल तर "डॉक्टरांनी वजन बघितलंय, छान वाढतंय" एवढं म्हणा आणि विषय बदला. ठीक नसेल तर मात्र टोमणा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

काही बाबतींत मी कुणाची भीड ठेवली नाही, तुम्हीही ठेवू नका. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही. वर्षाच्या आत मध नाही, बोटावरही नाही, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टरांना न विचारता कसलंही औषध नाही, शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाने पापा घेणं नाही. आणि बाळाला जोरात हलवणं तर कधीच नाही, त्याने मेंदूला इजा होते. इथे गोड वाक्य शोधत बसू नका. "नाही" म्हणा आणि बाळ परत घ्या. माणूस रुसला तर रुसू द्या.

ज्याचे नातेवाईक, त्याने बोलावं, हे आमच्या घरी फार उपयोगी पडलं. काकूला मी सांगितलं असतं तर ते सुनेचं उद्धट बोलणं ठरलं असतं. नवऱ्याने सांगितलं, "काकू, हिने मागितलं की घे, तोवर तिच्याकडेच राहू दे," आणि ते घरात चाललं. बसमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर भेटणाऱ्या अनोळखी लोकांवर एवढी शक्ती घालवू नका. मान हलवा, पुढे चला.

पण कधीकधी मदत हवीच असते, हेही लिहिते. एका रात्री रडणं ऐकून माझे हात थरथरायला लागले आणि मनात राग चढत गेला. अशा वेळी हट्ट नको. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हातात बाळ द्या. कुणी नसेल तर त्याला सुरक्षित जागी पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं बाहेर थांबा. रडण्याने त्या दहा मिनिटांत बाळाला काही होत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप असेल, ते दूध घेत नसेल, अगदी मलूल पडलं असेल किंवा रडण्याचा आवाजच नेहमीपेक्षा वेगळा, कण्हल्यासारखा असेल, तर थेट डॉक्टर गाठा.

आणि काकूबद्दल. तिसरा महिना संपता संपता एका दुपारी मुलगा असा रडत होता की कशानेच थांबेना. काकू दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "पायाची बोटं बघितलीस का गं?" मी मोजे काढले. उजव्या पायाच्या मधल्या बोटाला माझा एक लांब केस दोन वेढे घालून बसला होता, बोटाचं टोक लालजांभळं झालं होतं. बाळंतपणानंतर केस गळतात आणि असा केस बोटाला आवळून बसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. केस नुकताच गुंतला असावा, वरच्या वर सुटला. तो रुतला असता तर लगेच डॉक्टरकडे पळावं लागलं असतं. तेव्हापासून बाळ कारण नसताना रडलं की मी आधी हातापायाची बोटं बघायची.

केस निघाल्यावर तो हुंदके देत राहिला. काकू अजून दारातच होती. मीच म्हटलं, "काकू, घेता का जरा?" तिने आधी हात धुतले, मग घेतला.