राणीचा हुकूम

अनेक आशीर्वाद.

सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेटीतून निम्म्या माश्या उडाल्या आणि आंब्याच्या फांदीला घोस धरून बसल्या, हे वाचून हसू आलं. प्रत्येक मधपाळाच्या नशिबी हा दिवस येतोच. पण "राणीने त्यांना बाहेर का नेलं?" या तुझ्या प्रश्नावर मात्र थांबलो.

राणीने नेलं नाही. उलट वसाहत फुटायच्या आधी कामकरी माश्या तिचं खाणं कमी करतात, तिला ढोसत राहतात. उडण्याइतकी हलकी व्हावी म्हणून. अ‍ॅरिस्टॉटल तिला राजा समजत होता. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ स्वामरडॅमने तिचं पोट फाडून अंडाशय दाखवले, तेव्हा राजाची राणी झाली. गादी मात्र कुणी हलवली नाही! अंडी घालायची आणि अंगाच्या वासाने 'मी घरात आहे' एवढं कळवायचं, हेच तिचं काम.

मग नवं घर ठरवतं कोण? १९४९ साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाला अशाच एका घोसावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या. पायांना पराग नव्हता, म्हणजे फुलांवरून आल्या नव्हत्या. अंगावर होती काजळी आणि विटांची धूळ. युद्धात पडलेल्या शहरातल्या धुराड्यांत, भिंतींच्या भगदाडांत त्या घरं बघून येत होत्या. नाच म्हणजे त्यांची जागेचा पत्ता सांगायची रीत. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. तो बघून दुसरी माशी स्वतः जाऊन ती जागा तपासते. अमेरिकेच्या थॉमस सीली या संशोधकाने पुढे दाखवलं की दर फेरीला नाच कमी होत जातो, चांगल्या जागेचासुद्धा. म्हणून कुणी हट्टाला पेटत नाही. एका ढोलीपाशी पुरेशा शोधक माश्या जमल्या की त्या परत येऊन घोसाला उडायची इशारत देतात. सगळ्या जागा पाहिलेली माशी बहुतेक एकही नसते.

मीही पहिली काही वर्षं पेटी बिघडली की राणीवर खापर फोडायचो. एका पेटीत तर तीन राण्या बदलल्या, तरी वसाहत पळालीच. नंतर बघतो तर पेटीवर दुपारचं रखरखीत ऊन, आणि तळाच्या फटीतून मेणकिडा शिरलेला.

पण 'माश्या आपलं आपण सगळं बघतात' असं म्हणून दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. पेटी सुताराने मापं घेऊनच केली आहे, चौकटींतलं अंतर चुकलं तर माश्या वेडंवाकडं पोळं बांधून तुझी फजिती करतील.

पुढच्या वेळी घोस दिसला की लगेच पिशवी घेऊन धावू नकोस. स्टूल टाकून तासभर बस. नाचणाऱ्या दोन-चार माश्यांच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका दे आणि त्यांतली कोण कधी गप्प होते ते वहीत टिपून ठेव. आणि एक रिकामी पेटी जुनं मेण चोळून आत्ताच फणसाच्या सावलीत ठेव. पावसाआधी एखादी शोधक माशी दारात घुटमळली तर मला कळव.

— तुझा काका