ट्रिमर भिवंडीचा, स्टिकर तुमचं

प्रश्न: मी कोपरखैरण्यातून ऑनलाइन दाढीचे रिचार्जेबल ट्रिमर विकते. माल भिवंडीच्या एका आयातदाराकडून होलसेलमध्ये घेते आणि माझ्या ब्रँडचं स्टिकर लावते. वर्षाला अकराशेच्या आसपास नग जातात. आता ज्या साइटवर विकते त्यांचा मेल आलाय: सात दिवसांत ईपीआर (विकलेल्या मालाच्या कचऱ्याची उत्पादकाने घ्यायची जबाबदारी) सर्टिफिकेट अपलोड करा, नाहीतर लिस्टिंग बंद. मी माल बनवत नाही, आयातही करत नाही. माझ्याकडे सूक्ष्म उद्योगाचं उद्यम सर्टिफिकेट आहे. एक कन्सल्टंट 45 हजारांत 'दोन दिवसांत नंबर काढून देतो' म्हणतोय. देऊ का पैसे?

उत्तर: नका देऊ. दोन दिवसांत मिळणारा नंबर बहुधा दुसऱ्याच कुणाचा असतो, आणि खोटी माहिती दिल्याचा जाब कन्सल्टंटला नाही, तुम्हाला विचारतात.

तुम्ही पाठवलेला डब्याचा फोटो मोठा करून पाहिला. पुढे तुमचा ब्रँड, मागे बारीक अक्षरात 'मार्केटेड बाय' आणि कोपरखैरण्याचा पत्ता. आयातदाराचं नाव कुठेच नाही. सगळा प्रश्न त्या स्टिकरमुळे उभा राहिलाय. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 मध्ये 'उत्पादक' म्हणजे फक्त कारखानदार नव्हे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू स्वतःच्या ब्रँडखाली विकणाराही उत्पादकच, मग तो दुकानात विको की ऑनलाइन. केस कापण्याची आणि दाढीची उपकरणं या नियमांच्या यादीत आहेत.

आता तुमचं उद्यम. ई-कचरा नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत, हे खरं. पण तुमच्या सर्टिफिकेटवर 'ट्रेडिंग' लिहिलंय. व्यापाऱ्यांना 2 जुलै 2021 च्या आदेशाने उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. त्यामुळे या सवलतीच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

आणि राहूनही उपयोग नाही, कारण ट्रिमरच्या पोटात लिथियमचा सेल आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे स्वतःच्या ब्रँडखाली बॅटरी विकणारा उत्पादक ठरतो, ती बॅटरी उपकरणाच्या आत असली तरी. तिथे सूक्ष्म उद्योगाला सूट नाही. म्हणून बॅटरीची नोंदणी आधी करा, ई-कचऱ्याचीही लगोलग. प्लॅस्टिक पॅकिंगसाठी ब्रँडमालकांवर जबाबदारी आहे, पण त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वगळलंय. तो विषय नंतर पाहू.

ईपीआर म्हणजे एकच कागद नव्हे, हे यावरून लक्षात आलं असेल. साइटला आधी लेखी विचारा, कुठल्या नियमांखालचं सर्टिफिकेट हवंय? चुकीचं चढवलं तर सात दिवस त्यातच जातील. त्यांचा मेल सरकारी नोटीस नाही, पण दुकान त्यांचं आहे आणि करारावर 'आय ॲग्री' तुम्हीच दाबलंय.

उत्पादकाची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते, त्यासाठी राज्य मंडळाच्या सायन-बेलापूरच्या कचेऱ्यांत चकरा मारायची गरज नाही. पॅन, जीएसटी आणि विक्रीचे आकडे तयार ठेवा. मागच्या वर्षांचे आकडेही खरेच भरा. बोजा वाटतो तेवढा नाही: सेल वीस ग्रॅमचा धरला तर अकराशे नगांचं वजन होतं 22 किलो. तेही दारोदार फिरून जुने ट्रिमर गोळा करायचे नाहीत, नोंदणीकृत रिसायकलरकडून पोर्टलवर ईपीआर प्रमाणपत्रं विकत घ्यायची. ही म्हणजे कचरा रिसायकल झाल्याचे दाखले, साइटला हवं असलेलं नोंदणीपत्र वेगळं. टाळाटाळ केली तर मात्र पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम 15 मध्ये दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत आहे.

दुसरी वाट: पुढचा माल आयातदाराच्याच ब्रँडने विका. मग तुम्ही नुसत्या विक्रेत्या. पण त्याची दोन्ही नोंदणीपत्रं आधी मागा, त्यावरचं नाव बिलाशी ताडून पाहा. तो 'देतो, देतो' करत राहिला तर काय समजायचं ते समजा.

दिवाणाखाली ठेवलेल्या 340 डब्यांची स्टिकरं खरवडत बसू नका, आधीची विक्री बिलांत आहेच. त्यांवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश मात्र छापून घ्या. पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार ते लागतंच, आणि वैधमापनवाले (वजनमापं आणि पाकिटावरचा मजकूर तपासणारे) आले तर आधी तेच पाहतील. साइटला आजच अर्जाचा क्रमांक पाठवून तीस दिवसांची मुदत मागा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.