आफ्रिकन परंपरेतली मेंटॉरशिप प्रत्यक्षात कशी चालते?

तुम्ही विचारलंय की ‘उबुंटू’ (म्हणजे ‘आपण आहोत म्हणून मी आहे’ ही भावना), ‘मूल वाढवायला अख्खं गाव लागतं’ असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण आफ्रिकन मूल्यांवर उभी असलेली मेंटॉरशिप रोजच्या व्यवहारात दिसते तरी कशी? अख्ख्या खंडाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण नायजेरियातल्या इग्बो लोकांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. पुण्याहून दुचाकींचे सुटे भाग पाठवणाऱ्या एका कंपनीसाठी मी लेगॉसला राहायचो आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं इग्बो व्यापारी होती.

या पद्धतीला तिकडे ‘इग्बा बोई’ म्हणतात. आईवडील मुलाला एखाद्या जम बसलेल्या व्यापाऱ्याच्या हवाली करतात. हा ‘ओगा’, म्हणजे मालक, बहुधा नात्यातला नाहीतर गावातला. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर बोलणी होतात, मान म्हणून कोला नावाच्या झाडाची बी फोडून वाटतात आणि मुदत ठरते, साधारण पाच ते सात वर्षं. मुलगा ओगाच्याच घरी राहतो. पगार नाही, खाणंपिणं, कपडालत्ता, दुखणंखुपणं सगळं ओगाकडे. आधी झाडलोट आणि घरची कामं, मग गोदाम, मग गिऱ्हाईक, आणि भरवसा बसला की गल्ला.

इथवरचं आपल्याकडच्या शेठच्या पेढीवरही दिसेल. खरा फरक मुदत संपल्यावर कळतो. ओगाने मुलाला ‘सेटल’ करायचं असतं. रोख भांडवल, दुकानाचं भाडं, थोडा माल, यातलं जे ठरलं असेल ते द्यायचं. ते देतानाही घरची माणसं हजर असतात. नव्या दुकानात बऱ्याचदा ओगाच्याच धंद्यातला माल असतो आणि दुकानही त्याच बाजारात. म्हणजे ओगा स्वतःच्या पैशाने स्वतःचा स्पर्धक उभा करतो! मला आधी हे पटायचंच नाही. मग एकदा नुकत्याच सेटल झालेल्या एका पोराने आमच्याकडे उधारीवर माल मागितला आणि त्याच्या ओगाचाच फोन आला: “माल द्या, बुडाला तर मी भरतो.” अशी शब्द टाकणारी माणसं मी त्या बाजारात पुन्हापुन्हा पाहिली.

यामागे इतिहास आहे. इग्बोंच्या भागाने नायजेरियातून फुटून बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला आणि त्यावरून 1967 ते 1970 युद्ध चाललं. बियाफ्रा ते हरल्यावर इग्बो खातेदारांना, बँकेत कितीही पैसे असले तरी, नायजेरियाच्या सरकारने सरसकट 20 पौंड हातावर टेकवले. घरं गेलेली, धंदे मोडलेले. ज्याचं दुकान कसंबसं उभं राहिलं त्याने गावाकडची पोरं हाताशी घेतली, आणि ती उभी राहिल्यावर त्यांनी पुढची घेतली. पद्धत त्याआधीचीच, पण समाज सावरला तो मोठ्या प्रमाणावर तिच्या जोरावर. सुट्या भागांसाठी न्नेवी शहर, चपलाबुटांसाठी आबा शहर, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लेगॉसचा अलाबा बाजार, सगळीकडे हीच साखळी. न्नेवीत मोटारींचा कारखाना काढणारे इनोसंट चुक्वुमा सुट्या भागांच्या दुकानात असेच उमेदवारी करून वर आले. ‘ओन्ये आघाला न्वान्ने या’, भावंडाला मागे टाकून कुणी पुढे जाऊ नये, हे तिथे दुकानाच्या हिशेबातसुद्धा धरलेलं असतं.

पण याला डोक्यावर घेऊन नाचू नका. करार बहुतेक तोंडी. सेटल करायची वेळ जवळ आली की चोरीचा आळ घेऊन पोराला रिकाम्या हाती घालवणारे ओगाही असतात, आणि मग इतकी वर्षं राबलेल्या मुलाकडे दाखवायला एक कागद नसतो. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. शाळा अर्धवट सुटते ती वेगळीच. मुली शिवणकाम, केशरचना शिकायला जातात, पण मोठ्या घाऊक व्यापाराच्या या साखळीत मात्र त्या फारशा दिसत नाहीत. हल्ली काही घरं आधी शाळा पूर्ण करून मगच मुलाला पाठवतात आणि कुठेकुठे करार लेखी होतो. हे आधीच व्हायला हवं होतं.

तुम्ही स्वतः असा काही उपक्रम काढणार असाल तर सल्ल्याच्या तासांचं वेळापत्रक नंतर करा. शिकवणाऱ्याने शेवटी काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुणाच्या साक्षीने, हे पहिल्याच दिवशी ठरवा, आणि लिहूनही ठेवा.