अलार्म वाजला की आजोबा उडी मारायचे

"मॅडम, तीन तास दार लावून बसतो आणि हाती काय येतं, तर पाच सेकंदांचा व्हिडिओ. तोही मनासारखा झाला नाही की बाहुलं भिंतीवर आपटतो. पुढच्या वर्षी दहावी आहे हो."

निनादची (नाव बदललं आहे) आई सांगत होती. तो तेव्हा नववीत होता. क्लेची बाहुली करून, ती तसूभर हलवत, एकेक फोटो काढत, ते फोटो जोडून तो व्हिडिओ बनवायचा. मुलाच्या छंदाला किती वेळ द्यायचा, हा प्रश्न माझ्याकडे येणारे पालक हमखास विचारतात. झोप, जेवण, शाळा, मित्र यांची मी नीट चौकशी केली. सगळं जागच्या जागी होतं. मग मी नेहमीचा तोडगा सांगितला: रोज एक तास, अलार्म लावून. वाजला की बंद.

दोन आठवड्यांनी आई परत आली. आता रोजच आदळआपट चालली होती.

त्या दिवशी मी निनादला म्हटलं, "पुढच्या वेळी तुझं सगळं सामान घेऊन ये. मला करून दाखव." तो बुटांचा खोका घेऊन आला. आत रंगवलेली भिंत, काडेपेट्यांची खुर्ची आणि वीतभर उंचीचे आजोबा, पोटात तार घातलेले. आजोबा खुर्चीतून उठतात, एवढाच प्रसंग. सेकंदाला बारा फोटो लागतात, हे मला तेव्हा कळलं. नवख्या हाताला एका फोटोला तीनेक मिनिटं जातात. म्हणजे माझ्या एका तासात वीस फोटो. दोन सेकंदसुद्धा नाहीत.

मग त्याने मोबाईलवर लागोपाठचे दोन फोटो दाखवले. "हा कालचा शेवटचा. हा आजचा पहिला." पहिल्यात भिंत पिवळसर, दुसऱ्यात निळसर, कारण खिडकीतला उजेड बदललेला. रात्रभरात क्ले मऊ पडून आजोबांचा हात खाली आलेला. पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला मोबाईलही केसभर सरकलेला. व्हिडिओ चालवला की त्या जागी आजोबा दचकून उडी मारायचे. "अलार्म वाजला की असंच होतं," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

चूक माझी होती. अभ्यासाचं पुस्तक मिटून उद्या त्याच पानावर उघडता येतं, हा शॉट तसा मिटत नाही. काम समजून न घेता मी त्यावर घड्याळ लावलं होतं, आणि त्याची चिडचिड स्वभावाच्या खात्यावर टाकली होती.

दोघांशी मी मोकळेपणाने तसं बोलले आणि आम्ही नवा करार केला. आठवड्यात मधे सोडता येईल तेवढंच करायचं: बाहुली घडवणं, तार वळणं, प्रसंग कागदावर काढणं. तेही अभ्यास झाल्यावर अर्धा तास. रविवारी एक शॉट, छत्तीस फोटोंचा, म्हणजे तीन सेकंदांचा. पडदे ओढायचे, एकच दिवा ठेवायचा, मोबाईल चिकटपट्टीने पक्का करायचा, फोकस आणि उजेड लॉक करायचा. छत्तीस झाले की उठायचं, पण त्याआधी कोणी हाक मारायची नाही, जेवण थांबेल. आईला हे शेवटचं कलम जड गेलं. शेवटी निनादसाठी एक अट: केलेला शॉट त्याच दिवशी पुसायचा नाही. दुसऱ्या दिवशी आईबरोबर बसून पाहायचा, मग ठरवायचं.

एक गाठ तरीही उरली. आजोबांच्या गालावर त्याच्या बोटांचे ठसे उमटायचे आणि ते पुसता पुसता चेहराच बिघडायचा. मी त्याला वॉलेस आणि ग्रॉमिट ही क्लेच्या बाहुल्यांच्या चित्रपटांतली माणूस-कुत्र्याची जोडी दाखवली. जगभर नावाजलेल्या त्या चित्रपटांतसुद्धा पात्रांवर बोटांचे ठसे दिसतात. त्यांचे दिग्दर्शक निक पार्क यांनी त्या जोडीचा पहिला लघुपट 1982 मध्ये, विद्यार्थी असताना, सुरू केला आणि तो पुरा झाला 1989 मध्ये. "सात वर्षं?" निनादचे डोळे चमकले. आई मात्र धास्तावली. तिला मी बाजूला घेऊन सांगितलं, त्याला सात वर्षं खोलीत बसायचं नाहीये. एक संध्याकाळ बिघडली म्हणजे आपण हरलो असं नाही, एवढंच त्याला कळायला हवं. आपटणं थांबलं नाही किंवा तो स्वतःला इजा करू लागला, तर मात्र लगेच या, हेही बजावलं.

पाचव्या आठवड्यात दोघं नऊ सेकंदांचा व्हिडिओ घेऊन आले. तीन रविवार टिकले होते, एक वाया गेला होता. आजोबा खुर्चीच्या दांड्याला धरून उठतात, कंबर धरतात, खिडकीकडे बघतात. चौथ्या सेकंदाला भिंतीवरचा उजेड क्षणभर लकाकतो. निनादने तो फोटो काढून टाकला नव्हता.

"तिथे ना," आई म्हणाली, "मी दार उघडलं होतं. थालीपीठ गार होत होतं म्हणून."