ब्लॅक होलचं वारं आणि ते ‘हजार सूर्य’: वाचकांचे प्रश्न

तेच तेच प्रश्न पुन्हा येतायत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: ब्लॅक होल सगळं गिळतं, मग गॅस बाहेर कसा फेकला जातो?
आत पडलेला गॅस बाहेर येत नाहीच. पडायच्या आधी तो भोवती फिरताना प्रचंड तापतो, त्या प्रकाशाचा दाब आणि तिथून सुटलेलं वारं बाहेरच्या गॅसला ढकलतं.

प्रश्न: गॅस बहुतेक हायड्रोजनचा, मग सगळे कार्बन मोनॉक्साइडच का मोजतात?
थंड हायड्रोजन रेणूचा सिग्नल जवळपास मिळतच नाही. सीओचा ११५ गिगाहर्ट्झला मिळतो.

प्रश्न: एका व्हिडिओत ऐकलं की ब्लॅक होल वर्षाला हजार सूर्यांएवढा गॅस उडवतं आणि गॅलॅक्सी मरते, म्हणजे तिथे नवे तारे बनणं थांबतं. खरं का?
हा व्हिडिओ मलाही दहा जणांनी पाठवलाय, आता पुरे! मूळ गोष्ट मार्केरियन २३१ या गॅलॅक्सीची. २०१० मध्ये तिथे सीओच्या रेषेला (सिग्नलच्या आलेखातल्या टोकाला) दोन्ही बाजूंनी रुंद पंख दिसले, म्हणजे काही गॅस फार वेगाने धावतोय, त्यावरून वर्षाला सुमारे ७०० सूर्यांएवढा गॅस बाहेर जातोय असा अंदाज निघाला, आणि या वेगाने तिथला थंड गॅस साधारण १ कोटी वर्षांत संपेल असंही. पण दुर्बिणीने फक्त सीओचा उजेड मोजलाय, वस्तुमान नाही, ते काढायला एका आकड्याने गुणावं लागतं आणि सगळी गोम तिथेच आहे. आपल्या आकाशगंगेसाठी तो आकडा ४.३ धरतात, टकरीतून पेटलेल्या गॅलॅक्सींसाठी ०.८, म्हणजे सिग्नल तोच आणि वस्तुमानात पाचपट फरक, आणि वाऱ्यातल्या खवळलेल्या गॅसला यातला कुठला लावायचा हे रिसर्च पेपरगणिक बदलतं. त्यातच वारं कुठल्या कोनात आहे, कुठवर पोचलंय तेही गृहीतच. शिवाय बऱ्याच गॅलॅक्सींत हा गॅस सुटून जाण्याएवढा वेगवानच नसतो, परत खाली पडतो. सक्रिय ब्लॅक होल असलेल्या कित्येक गॅलॅक्सींत तर रेणूगॅस भरपूर शिल्लक सापडतो. तेव्हा कुठलाही आकडा पुढे ढकलण्याआधी गुणक काय घेतला ते पेपरात बघा, नाही कळलं तर या विषयातल्या माणसाला विचारा.

प्रश्न: आपल्या आकाशगंगेत असं वारं सुटलं तर?
आपलं ब्लॅक होल सध्या फार शांत आहे. झोपा.

प्रश्न: पैसे भरून ‘ब्लॅक होल रिसर्च सर्टिफिकेट’ घेऊ का?
नको. अल्मा या चिलीतल्या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा फुकट मिळतो. तरी भरायचेच असतील तर आधी एखाद्या प्राध्यापकाला ते सर्टिफिकेट दाखवून विचारा.

प्रश्न: एमएस्सी प्रोजेक्टला अल्माचा डेटा घेतलाय, सीओ जुन्या सिंगल डिशच्या (एकाच मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीच्या) पेपरपेक्षा बराच कमी येतोय, पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.
आणि आत्ता विचारताय! अँटेना एकमेकींपासून लांब ठेवल्या की मोठा पसरलेला सिग्नल निसटतो, म्हणून कॉम्पॅक्ट अ‍ॅरेचा, म्हणजे जवळजवळ ठेवलेल्या छोट्या अँटेनांचा, डेटा जोडलाय का ते बघा. नसेल तर तुमचा आकडा ही किमान मर्यादा आहे असं स्पष्ट लिहा. कॅलिब्रेशनचीही चूक असू शकते, ते मला इथून दिसणार नाही, त्यामुळे आजच गाइडला भेटा आणि अल्माच्या हेल्पडेस्कला तिकीट टाका.