"अजून दाखवण्यासारखं झालेलं नाही"

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून शीर्षकातले वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकले आहे की, ते उच्चारले जाण्याआधीच मला चेहऱ्यावर दिसू लागते. वास्तुकला शिकणारी मुले ते म्हणतात, प्रबंध लिहिणारे संशोधकही म्हणतात. परंतु क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग आणि इंटरॅक्टिव्ह टेक्नॉलॉजी, म्हणजे सेन्सर, प्रोग्रॅम आणि प्रोजेक्टर यांच्या साहाय्याने प्रेक्षकाला प्रतिसाद देणारी कलाकृती घडवण्याचा विषय घेतलेले विद्यार्थी ते सर्वांत जास्त म्हणतात. बडोद्यात चित्रकला शिकून पुढच्या पदवीसाठी या विषयाकडे वळलेले काही जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि त्यांची काळजी थोड्याफार फरकाने एकच असते: वर्गातल्या बाकीच्यांना सगळे येते, मला येत नाही, माझी निवड चुकून झाली आहे आणि माझे काम कोणी नीट पाहिले की हे उघडकीस येणार. या काळजीविषयी लिहिण्याची विनंती पालकांकडूनही वारंवार झाल्यामुळे एका विद्यार्थिनीची हकिगत, तिच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, येथे सांगत आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरात वाढलेली ही मुलगी चित्रकलेची पदवी घेऊन परदेशी गेली होती. पहिल्या सत्रात तिने प्रोसेसिंग या भाषेत प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या सत्रात आर्डुइनो, म्हणजे सेन्सरला संगणकाशी जोडणारा छोटा सर्किट बोर्ड, आणि सेन्सर आले, आणि सत्राअखेरीचा मुख्य प्रकल्प अपुरा राहिला. मुदत वाढवून घेऊन ती उन्हाळ्यात घरी आली. रात्री तीनपर्यंत जागायची, जेवायला खाली यायची नाही आणि कोणी खोलीत आले की लॅपटॉपचे झाकण मिटायची, म्हणून आईने तिला माझ्याकडे आणले.

प्रकल्पाची कल्पना मला ऐकताक्षणीच आवडली होती. आजोबांच्या दिवाणखान्यातल्या झोपाळ्याच्या पितळी कडीला एक लहानसा मोशन सेन्सर बांधायचा, त्याची आकडेवारी आर्डुइनोमार्फत लॅपटॉपवर घ्यायची, आणि झोपाळा हलेल तशा समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने रेषा उमटवायच्या. झोपाळा थांबला की त्या रेषा हळूहळू विरून जाणार. पण पहिल्या भेटीत ती प्रकल्पाविषयी फारसे बोललीच नाही. तिने वर्गमित्रांची यादी सांगितली: एकाने सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केलेली, दुसरी शेडर, म्हणजे पडद्यावरचे रंग आणि प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिते, तिसरा स्वतःचे सर्किट बोर्ड छापून घेतो.

"आणि मी इंटरनेटवरची उदाहरणं उचलते आणि जोडते, ताई."

"ते सगळं तुला आलंच पाहिजे, असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? येत नसेल तर मी तिथे बसलेय कशाला?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती ही माझ्या कामाची बैठक आहे, हे मी लपवत नाही. घटना माणसाला जेवढी अस्वस्थ करते त्याहून अधिक अस्वस्थ त्याला त्याने त्या घटनेला चिकटवलेला हट्ट करतो, हे तिचे सार. शेडर लिहिता यावे ही इच्छा निरोगी आहे. ती माणसाला शिकायला लावते. पण ते आले नाही तर आपण कवडीमोलाचे, असे फर्मान स्वतःवर काढले की, शिकण्यासाठी लागणारी शक्ती लपवण्यात खर्च होते. पुढच्या काही भेटींत आम्ही या फर्मानाचा पुरावा मागत राहिलो. ती हुशार होती, तिला सर्व पटले. घरी मात्र लॅपटॉपचे झाकण पूर्वीसारखेच मिटत राहिले. बुद्धीला पटलेली गोष्ट अंगवळणी पडायला कृतीच लागते, हे माझ्या व्यवसायातले जुने सत्य आहे. कोणती कृती, एवढेच शोधायचे होते, आणि ती तिच्या अभ्यासक्रमातच सापडली.

एका भेटीत मी सहज विचारले, "त्या झोपाळ्यावर आजवर कोण कोण बसलं?"

"मीच. टेस्टिंगला."

"आणि आजोबा?"

"ते बाहेर पडले की मी सेन्सर लावते. परत यायच्या आत काढून ठेवते."

"ज्यांचा झोपाळा, त्यांनाच चुकवून?"

ती हसली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावे, हे शिकायला अनुभव लागतो. शेवटी ती म्हणाली, "मग हे पूर्ण होणारच नव्हतं. आणखी सहा महिने घेतले असते तरी."

त्या क्षणी तिला जे दिसले ते मला आजही महत्त्वाचे वाटते. चित्रकाराला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवता येतो. चित्र कोणी पाहिले नाही तरी ते चित्र असते, आणि चार वर्षे तिने त्याच सवयीने काम केले होते. प्रतिसाद देणाऱ्या कलाकृतीचे तसे नाही. बसणारा माणूस हा तिचा प्रेक्षक नसून तिचा एक भाग आहे, आणि भीतीने नेमका तोच भाग कामातून वगळला होता. वर्गातल्या कोणाला काय येते याच्याशी या अडचणीचा संबंध नव्हता. त्या अभ्यासक्रमात प्रक्रियेच्या नोंदवहीलाही गुण असतात. इतरांनी काम वापरून पाहिले तेव्हा काय घडले, हे त्यात लिहायचे असते. तिच्या वहीतली ती पाने कोरी होती, आणि त्याचे कारण ती "वेळ मिळाला नाही" असे समजत होती.

एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना मुद्दाम ओशाळवाणी वाटेल अशी कृती करायला सांगत, म्हणजे ओशाळे वाटूनही आपण शाबूत राहतो हे अनुभवाने कळते. त्याच धर्तीवर मी तिला घरचा अभ्यास दिला: काहीही दुरुस्त न करता आजोबांना झोपाळ्यावर बसू द्यायचे, आधी काहीही समजावून सांगायचे नाही आणि दहा मिनिटे जागेवरून उठायचे नाही.

पुढच्या भेटीत तिने जे सांगितले ते असे. आजोबा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र घेऊन बसले, एका पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकासा रेटा देत राहिले, आणि भिंत कोरीच राहिली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "चालू करायचं राहिलं का गं?" तिला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. पण उठायचे नाही असे ठरले होते, म्हणून ती बसून पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिच्या लक्षात आले की झोपाळा तर व्यवस्थित झुलतो आहे; त्याचे झुलणे फक्त तिच्या प्रोग्रॅमला दिसत नाही.

यामागचे कारण तिने मला कागदावर आकृती काढून समजावले आणि ते समजावताना तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा लागला. त्या सेन्सरमध्ये दोन उपकरणे असतात, जोर मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. तिने पहिल्याची आकडेवारी घेतली होती, आणि विशिष्ट मर्यादेपलीकडचा बदल झाला तरच रेषा उमटाव्यात असे ठरवले होते. ती स्वतः चाचणी घेताना जोराचे झोके घेई, तेव्हा कडीवरचा ताण स्पष्ट कमी-जास्त होई. झोका लहान असला की तो ताण जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे अ‍ॅक्सेलरोमीटरच्या लेखी आजोबा निश्चल बसलेले होते. जायरोस्कोप मात्र कडी किती वेगाने कलते आहे हे मोजतो आणि लहान झोकाही त्याला सहज कळतो. शिवाय, शाळेत लंबकाच्या प्रयोगात शिकल्याप्रमाणे, लहान झोक्यांचा कालावधी जोरावर अवलंबून नसून लांबीवर अवलंबून असतो. सुमारे दोन मीटर लांबीच्या कड्यांना एका पूर्ण झोक्यासाठी पावणेतीन-तीन सेकंद लागतात, मग बसणारा दणकट असो वा वृद्ध. तिने रेषांना जोराऐवजी ही लय ऐकायला लावली. दोन दिवसांत प्रोग्रॅम बदलला आणि आजोबा म्हणाले, "आता हे माझ्यासारखं हलतंय."

जोर आणि लय यांवरून आयुष्याविषयी काही तात्पर्य काढून दाखवण्याचा मोह समुपदेशकाला होतोच. तो मी आवरला. तिला त्या दिवशी तात्पर्य नको होते, पुढची चाचणी कोणावर घ्यावी हे हवे होते. आई, शेजारच्या काकू आणि एक पाच वर्षांचा भाचा अशी माणसे तिनेच ठरवली. भाच्याने झोपाळा आडवा हलवला आणि नवीच गडबड उडाली. ती तिने वहीत लिहिली.

उसन्या कोडची टोचणी मात्र शिल्लक होती, आणि ती या विषयातल्या बहुतेक मुलांना असते. त्यांना मी इतिहास सांगते. प्रोसेसिंग ही भाषा केसी रियास आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीत सुरू केली, आणि आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ येथील इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेतून पुढे आला. दोन्ही साधने इंजिनिअर नसलेल्यांना, विशेषतः कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना, वापरता यावीत म्हणूनच घडवली गेली, आणि दोन्हींमध्ये उदाहरणांचा मेनू आधीपासून दिलेला असतो. उदाहरणापासून सुरुवात करणे ही चोरी नाही. ते कोठून घेतले हे न लिहिणे ही चोरी आहे, आणि विद्यापीठे ती गंभीरपणे घेतात. म्हणून प्रोग्रॅममध्येच टिपणी करावी आणि नोंदवहीतही मूळ सांगावे. घेतलेले काम आपले झाले की नाही याची माझी कसोटी साधी आहे: त्यातला एखादा आकडा बदलला तर काय होईल, हे प्रोग्रॅम चालवण्याआधी तुम्हाला सांगता येते का? येत असेल तर पुढे जावे. येत नसेल तर तेवढाच भाग शिकायला बसावे.

कला आणि यंत्रविद्या या दोन्ही एकाच डोक्यात असायला हव्यात, हा आग्रह तर या क्षेत्राने सुरुवातीपासून धरलेला नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'नाइन ईव्हनिंग्ज' नावाचे प्रयोग झाले, त्यात दहा कलावंत आणि बेल लॅबोरेटरीजचे सुमारे तीस इंजिनिअर होते. त्यांतले चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग यांनी सर्किटे शिकून घ्यावीत असे कोणी म्हटले नाही. बिली क्लूव्हर यांच्यासारखे इंजिनिअर त्यांच्या शेजारी उभे राहिले. सर्किट बोर्ड छापणाऱ्या वर्गमित्राला प्रश्न विचारणे ही हार आहे असे ज्या मुलांना वाटते, त्यांना मी हे आवर्जून सांगते. या मुलीने त्याला लिहिले, तेव्हा त्याने उलट तिलाच विचारले की भिंतीवरच्या रेषा इतक्या सुंदर कशा विरतात.

तिच्या वडिलांचा प्रश्न वेगळा होता. "लोक विचारतात, मुलगी चित्रकार होणार की इंजिनिअर? मी काय सांगू?" ते स्वतः बडोद्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. मी त्यांना त्यांच्याच महाविद्यालयाच्या इमारतीची, कलाभवनाची, आठवण दिली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि तेथे चित्रकला, रंगकाम आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली शिकवल्या जात. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे तंत्र शिकले. पुढे विद्यापीठात तंत्रशिक्षण एका विद्याशाखेकडे गेले आणि १९५० पासून ललित कला दुसऱ्या विद्याशाखेकडे. त्यांची मुलगी त्या दोहोंच्या मध्ये उभी आहे, आणि ती जागा बडोद्याला नवी नाही. वडिलांचे समाधान पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही, पण नातेवाइकांना द्यायला त्यांना एक उत्तर मिळाले.

अशी काळजी असणाऱ्यांनी काम दाखवण्याची वेळ 'झाल्यावर' अशी न ठेवता दिनदर्शिकेत आधीच ठरवून ठेवावी, आणि त्या दिवशी जे असेल ते दाखवावे. पहिला प्रेक्षक विषयातला जाणकार नसलेला बरा, कारण जाणकार माणूस तुमची चूक स्वतःच सावरून घेतो. आधी माफी मागू नये, "खरं तर हे असं दिसायला हवं होतं" असे मध्येच म्हणू नये. समोरचा कोठे अडखळतो ते पाहावे आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. "आवडलं का?" हा प्रश्न टाळावा, त्याचे उत्तर घरात नेहमी होयच मिळते, "इथे काय होईल असं वाटलं होतं?" असे विचारावे. पालकांनीही "किती झालं?" या प्रश्नाऐवजी वापरून पाहण्याची तयारी दाखवावी, आणि कळले नाही तर कळले नाही असे सरळ सांगावे.

मात्र प्रत्येक मिटलेल्या झाकणामागे हीच काळजी असते असे धरून चालू नये. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. अशा वेळी प्रकल्पाची मुदत वाढवून मागण्यात संकोच करू नये. मात्र ती वाढ मूळ मुदत संपण्याआधी, लेखी आणि डॉक्टरांच्या पत्रासह मागावी, कारण मुदत उलटून गेल्यावर केलेला अर्ज मान्य होणे बहुतेक ठिकाणी फार कठीण असते.