दोघांची संमती असताना किंक कार्यक्रमांत वंशाबद्दल वेगळे नियम कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किंक समुदायाच्या, म्हणजे बांधणं, मार देणं, हुकूम-शरणागती असे लैंगिक खेळ आपखुशीने खेळणाऱ्यांच्या, एका कार्यक्रमाला पहिल्यांदाच जायचं आहे, नियमावली वाचली, तीत सामायिक हॉलमध्ये 'रेस प्ले'ला (वंशावरून अपमान करण्याच्या खेळाला) मनाई आणि वांशिक शेरेबाजीवर वेगळं कलम दिसलं. दोन सज्ञान माणसं आपखुशीने काही करत असतील तर आयोजकांनी मध्ये का पडावं? आणि संमतीच्या नियमांत कातडीच्या रंगाचं काय काम?

मी अशा कार्यक्रमांत देखरेखीचं काम करते. डन्जन मॉनिटर म्हणतात त्याला. दंडावर पट्टी बांधून खोलीत फिरायचं, कुणाला काही लागलंखुपलं तर बघायचं, सेफवर्ड, म्हणजे 'थांब' सांगायला आधी ठरवलेला शब्द, उच्चारला गेला आणि समोरचा थांबला नाही तर सीन, म्हणजे चालू असलेला खेळ, थांबवायचा. मी सावळी आहे आणि आजूबाजूला बहुतेक वेळा गोरी माणसं असतात, त्यामुळे या कलमाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. उत्तर लांबणार आहे, चालवून घ्या.

संमतीबद्दल आधी. 'सेफ, सेन, कन्सेन्शुअल' (सुरक्षित, शहाणपणाने, संमतीने) ही तिहेरी अट १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका एसएम (वेदना आणि वर्चस्वाचे खेळ) संघटनेने मांडली आणि तिथून ती जगभर पसरली. पूर्णपणे सुरक्षित असं काही नसतंच, हे मान्य करून पुढे 'रॅक' (रिस्क-अवेअर कन्सेन्शुअल किंक) ही दुसरी मांडणी आली: धोका ओळखा आणि मग संमती द्या. दोन्हींचा भर सीन करणाऱ्या माणसांवर आहे. कार्यक्रमात मात्र एकाच छताखाली अनेक अनोळखी माणसं असतात, म्हणून तिथले नियम त्याच्या बरेच पुढे जातात. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि कुणाच्या सामानालाही नाही. एका गोष्टीला 'हो' म्हणजे दुसऱ्या गोष्टीला 'हो' नाही. मागच्या वेळचा होकार आज चालत नाही. दारू चढलेल्या माणसाचा होकार धरायचा नाही. चालू सीनच्या अगदी जवळ उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. फोन बाहेर काढायचा नाही. यातले शेवटचे दोन नियम सीन करणारे आणि बाकीची खोली यांच्यातले आहेत, हे लक्षात घ्या. म्हणजे 'दोघांचं ठरलं की झालं' असं तिथे कधीच नव्हतं. कायद्यातही नाही: ब्रिटनमध्ये १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की अशा संबंधांत खरीखुरी इजा झाली असेल तर 'त्याची संमती होती' हा बचाव चालणार नाही. मला तो निकाल आवडत नाही, पण तो आहे.

आता रेस प्ले. वंशावरून केलेला अपमान, गुलामगिरीचे किंवा वसाहतीचे प्रसंग, वांशिक शिव्या हे सगळं आधी ठरवून खेळाचा भाग करणं म्हणजे रेस प्ले. खासगी जागेत दोन माणसांनी काय करावं यावर नियमावली काही म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. अडचण खोलीची आहे. सीनमधल्या माणसाकडे सेफवर्ड असतो. तो 'रेड' म्हणाला की सगळं थांबतं. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे तसं काहीच नसतं.

एका रात्रीचं सांगते. कोपऱ्यात एका जोडप्याचा सीन चालू होता, दोघंही गोरे. मधेच त्यातल्या एकाने कृष्णवर्णीयांसाठीची ती जुनी शिवी मोठ्याने वापरायला सुरुवात केली. पाण्याच्या टेबलामागे एक कृष्णवर्णीय स्वयंसेविका पेले पुसत होती. तिने मान वर केली नाही. हातातला पेला मात्र ती पुसतच राहिली, कोरडा झाल्यावरही. मी जोडप्याजवळ गेले, नजरेच्या टप्प्यात उभी राहिले, हाताने खूण केली आणि हळू आवाजात सांगितलं की तो शब्द इथे चालणार नाही, बाकी चालू ठेवा. त्याने रागाने विचारलं, "हिची हरकत नाही, मग तुमची का?" त्याच्या जोडीदार बाईची हरकत नव्हतीच, ते खरं होतं. ज्यांच्यावर त्या शब्दाचा खरा मार बसतो त्यांच्यापैकी मात्र त्या सीनमध्ये कुणीच नव्हतं, आणि जी होती ती कामावर होती, उठून घरी जाऊ शकत नव्हती. वाद आयोजकांकडे गेला, त्यांनी नियमावलीतलं कलम दाखवलं आणि विषय संपला. कलम लेखी नसतं तर अर्धी रात्र त्यात गेली असती.

याची दुसरी बाजूही ऐका, कारण तीत तथ्य आहे. रेस प्ले करणारे सगळे गोरे नसतात. मोलेना विल्यम्स-हास या कृष्णवर्णीय अमेरिकन शिक्षिका, २०१० च्या 'इंटरनॅशनल मिस लेदर' (लेदर, म्हणजे चामडी पोशाखाच्या किंक समुदायाचा किताब), या विषयावर उघडपणे बोलत आल्या आहेत, शिकवत आल्या आहेत. ज्या इतिहासाची भीती अंगात मुरलेली आहे त्याच्याशी आपल्या अटींवर, आपण निवडलेल्या माणसासोबत खेळायचा हक्क कृष्णवर्णीय माणसाला का नसावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याला मूर्ख किंवा आजारी ठरवणं हाही एक प्रकारचा अपमानच. म्हणून सरसकट बंदीपेक्षा मला बंद खोलीची पद्धत बरी वाटते: दारावर पाटी, आत काय चाललंय ते स्पष्ट लिहिलेलं, आणि आत जायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण त्यासाठी जागा लागते, दारावर बसायला जास्तीचा माणूस लागतो. तो नसेल तर सामायिक हॉलमध्ये मनाई, हा साधा आणि बरोबर निर्णय आहे. तुम्ही वाचलंत ते कलम बहुधा एवढंच म्हणतंय.

एक गोष्ट मात्र कुठल्याही खोलीत चालत नाही: हा खेळ खेळायला जोडीदार हवा म्हणून एखाद्या अनोळखी कृष्णवर्णीय किंवा आशियाई माणसाला त्याच्या रंगामुळे जाऊन विचारणं. नुसतं विचारणंच त्याच्या कपाळी आलेलं असतं, मग तो 'नाही' म्हणो वा 'हो'. त्याच्याकडून प्रस्ताव आला तर गोष्ट वेगळी.

खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत रेस प्ले फार क्वचित असतं. तक्रारी असतात त्या सीनच्या बाहेरच्या. कुरळ्या केसांत न विचारता घातलेला हात. "तुझा रंग किती सुंदर, मला नेहमीच तुमच्यातली कुणी हवी होती" हे वाक्य, जे बोलणाऱ्याला कौतुक वाटतं. आशियाई बाई दिसली की ती शरण जाणारीच असणार, कृष्णवर्णीय पुरुष दिसला की तो रांगडा आणि हुकूम सोडणाराच असणार, ही गृहीतकं. मला स्वतःला अनोळखी लोक पहिल्याच वाक्यात कामसूत्राबद्दल विचारतात. नाव नंतर विचारतात, तेही विचारलं तर. कुणी म्हणेल यात संमतीचा भंग कुठे झाला? झाला. त्या माणसाची भूमिका त्याला न विचारता ठरवून टाकली, आणि मग त्याच भूमिकेशी बोलणं सुरू केलं. एखाद्याला विशिष्ट रंगाची माणसं जास्त आवडतात, ते मी समजू शकते. ती आवड समोरच्याच्या तोंडावर फेकायची काही गरज नसते.

शब्दांचाही प्रश्न येतो. 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' हे शब्द या समुदायात फार जुने आहेत, आणि ते नात्याचं नाव म्हणून वापरणारे कृष्णवर्णीय लोकही आहेत. मला त्यावर बंदी नको आहे. पण निधी गोळा करायला 'गुलामांचा लिलाव' भरवायची जी जुनी पद्धत होती, ती गेली तर उत्तमच. १९७६ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी असाच एक धर्मादाय लिलाव उधळला, चाळीसच्या आसपास पुरुषांना अटक केली, आणि कलम लावलं ते एकोणिसाव्या शतकातल्या गुलामगिरीविरोधी कायद्याचं. समलिंगी पुरुषांना छळायला काढलेलं ते निमित्त होतं, यात शंका नाही, आणि समुदायात तो प्रसंग अन्यायाची आठवण म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेही. तरी ज्याच्या खापरपणजीला खरोखर चौथऱ्यावर उभं करून विकलं होतं, त्याने 'गुलामांचा लिलाव' अशी पाटी बघून त्या रात्री काय करावं, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आज 'सेवेचा लिलाव' म्हटलं तरी पैसे तेवढेच जमतात.

पोशाखाचं पटकन सांगते. नाझी चिन्हं नकोत, असं अनेक कार्यक्रमांच्या पोशाखाच्या नियमांत लिहिलेलं असतं. जर्मनीत तर ती जाहीरपणे मिरवणं हा गुन्हाच आहे. जपानी दोरीकाम शिकायला कुणाचीच ना नाही. आधुनिक किनबाकूचे, म्हणजे या दोरीबंधनाचे, जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते इतो सेइउ १९६१ मध्ये वारले, आणि त्यांच्यानंतर ही कला जपानबाहेर भरपूर शिकवली गेली आहे. शिका, श्रेय द्या. किमोनो घालून, चेहरा पांढरा रंगवून 'गेइशा' होऊ नका, एवढंच.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं ती. वांशिक संवेदनशीलता म्हटलं की लोक शब्दांचाच विचार करतात, पण ती शरीराच्या सुरक्षिततेतही येते. मार देण्याचं तंत्र शिकवताना बहुतेक ठिकाणी उदाहरणाला गोरी कातडी असते: आधी गुलाबी होईल, मग लाल, तेव्हा हात आवरा. गडद कातडीवर ती लाली दिसतच नाही, किंवा दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. तिथे हाताने बघावं लागतं. तळहात ठेवला की ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते, सूज बोटांना कळते, कातडी ताणलेली वाटते. आणि विचारत राहावं लागतं. दोरीतही तेच. 'बोटं निळी पडताहेत का बघा' हे वाक्य सावळ्या हातावर फारसं उपयोगाचं नाही. मी तळहात आणि नखाखालची जागा बघते, नख दाबून सोडते आणि रंग किती लवकर परत येतो ते पाहते, बोटं गार पडली आहेत का ते चाचपते. हे झालं रक्तप्रवाहाचं. नस, म्हणजे मज्जातंतू, दबली आहे का हे रंगावरून कुणाच्याच हातावर कळत नाही, त्यासाठी मनगट मागे वळवून दाखवायला सांगायचं. वळवता आलं नाही, मुंग्या आल्या किंवा हात बधिर वाटला तर दोरी ताबडतोब सोडायची. गडद त्वचेत केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढणारा उंचवट्याचा व्रण, जास्त आढळतो, आणि साध्या खरचटण्याचाही काळा डाग कित्येक महिने राहतो. म्हणून आधीच्या बोलण्यांत 'खूण राहिली तर चालेल का' एवढं विचारून भागत नाही, 'तुझ्या कातडीवर खूण किती दिवस राहते' हेही विचारावं लागतं. हे न विचारता मिळालेली संमती अर्धवट आहे, कारण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळा धोका दिसत होता.

तक्रार झाल्यावर काय होतं, इथे तर रंगाचा फरक फार पडतो. कृष्णवर्णीय पुरुषाबद्दल तक्रार आली की ती लगेच खरी धरली जाते. कृष्णवर्णीय बाईने तक्रार केली की 'आवाज चढवू नकोस' हे आधी ऐकवलं जातं. पोलिसांना बोलावू का, हा प्रश्नही सगळ्यांसाठी सारखा नसतो. म्हणून तक्रार ऐकणाऱ्यांत एकाच रंगाची माणसं नसावीत, असा माझा आग्रह असतो. फक्त कृष्णवर्णीय किंवा गोरे नसलेल्यांसाठीचे गट आणि कार्यक्रम याच अनुभवातून निघाले. ओनिक्स ही अशा लेदर पुरुषांची संघटना १९९५ मध्ये शिकागोत सुरू झाली. 'हा उलटा भेदभाव नाही का' असं मला दरवेळी कुणीतरी विचारतं. नाही. एक रात्र कुणी केसांना हात लावणार नाही याची खात्री हवी असणं हा भेदभाव नव्हे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तिकीट काढण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: तक्रार कुणाकडे करायची, ती कोण ऐकतं, आणि पूर्वी नियम मोडणाऱ्यांचं काय केलं. नावं नकोत, पद्धत सांगा म्हणावं. 'आमच्याकडे असं काही होतच नाही' असं उत्तर आलं तर मी तिथे जात नाही. पहिल्या खेपेला काही करायलाच हवं असंही नाही, नुसतं बसून बघायला पूर्ण मुभा असते. तुमच्या बोलण्याने कुणी दुखावलं तर 'चुकलं, माफ करा' म्हणा आणि बाजूला व्हा. आपला हेतू कसा चांगला होता हे त्याला पंधरा मिनिटं समजावत बसू नका. आणि सुरुवातीला नवख्यांसाठी माहितीचं सत्र असेल तर ते चुकवू नका. हे कलम का आहे, हाच प्रश्न तिथे विचारलात तरी कुणी रागावणार नाही. फक्त तो आयोजकांना विचारा, खोलीत दिसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय माणसाला नको.